मोजणीत जास्त भरलेली पुस्तकं

ग्रंथपालाच्या वर्गात पुस्तकं कमी भरली तर काय करायचं ते शिकवतात. आधी फळ्या पुन्हा बघायच्या, मग बाइंडरकडे गेलेली आठवायची, मग कमिटीच्या मंडळींच्या घरी जायचं, कारण हरवलेली बरीचशी पुस्तकं तिथेच सापडतात. पुस्तकं जास्त भरली तर काय करायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि माझ्यावर नेमकी तीच पाळी आली, तीही वर्ग करून आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचं अंबरनाथचं वाचनालय शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि दोन बाकं, आतल्या खोलीत कुलूपबंद कपाटं. मधल्या दाराला सुताराकडून एक छोटी खिडकी करून घेतली होती. वाचकानं छापील यादीत पुस्तकाचा नंबर शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी खिडकीतून आत सरकवायची. आतून पुस्तक यायचं, नाहीतर "नाही" एवढा शब्द यायचा. जुने वर्गणीदार तर पुस्तकाचं नावसुद्धा घेत नसत. "चारशे बारा आलं का हो?" असं विचारायचे, आणि चारशे बारा वाचून झालं की चारशे तेरा मागायचे. खिडकीच्या आत बसून "नाही" म्हणणारी ती मी.

ही सगळी व्यवस्था तात्यांची. तात्या म्हणजे आमचे चिटणीस, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. धोतर, काळी टोपी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वाचनालय त्यांनी घरोघर फिरून, लोकांच्या माळ्यावरची पुस्तकं डोक्यावरून वाहून उभं केलं होतं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना उगाच नावं ठेवाल. पण त्यांचं एक मत पक्कं होतं. वाचक हा मूळचाच चोर. जाताना प्रत्येकाची पिशवी ते स्वतः उघडून बघत, सख्ख्या मेव्हण्याचीसुद्धा.

मग सरकारकडून कागद आला. वाचनालयाला मदत हवी असेल तर ग्रंथपाल शिकलेला हवा, मुंबईत उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग आहे, माणूस पाठवा. कमिटीतल्या पुरुषांना कारखान्याच्या नोकऱ्या, त्यामुळे माझं नाव निघालं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी नकोच म्हणाले. मग गिरगावातली मावशी तेवढ्यात एखादं स्थळही बघेल या आशेवर तयार झाले. मला मनातून हसू येत होतं. पुस्तक द्यायचं आणि पुस्तक घ्यायचं, यात शिकण्यासारखं काय असतं?

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायला दीक्षित सर. किडकिडीत, खोकत बोलणारे, बोटांना कायम खळ लागलेली. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर काय शिकवलं असेल? नवं पुस्तक उघडायचं कसं! पुस्तक कण्यावर उभं धरायचं, दोन्ही पुठ्ठे हळूच टेबलावर टेकवायचे, मग थोडी पानं इकडून, थोडी तिकडून दाबत दाबत मधोमध यायचं. असं केलं तर शिवण आयुष्यभर टिकते. मी तोवर नवं पुस्तक दोन हातांनी ओढून काडकन उघडत आले होते. सरांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कोंबडी सोलताय का?" सगळा वर्ग हसला. मला रडूच यायचं बाकी होतं.

पण त्या दिवसापासून मला गोडी लागली. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागत नाही. कार्डावर लिहिताना अक्षर उभं आणि सुटं काढायचं, आपल्या नंतर येणाऱ्यालाही वाचता यायला हवं. पुस्तकं नंबरानं नाही, विषयानं लावायची. आणि गुप्त पान! हे ऐकून तर मी चाटच पडले. प्रत्येक वाचनालय आपलं एक पान ठरवून ठेवतं आणि दर पुस्तकाच्या त्याच पानावर आतल्या बाजूला आपला शिक्का मारतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी ग्रंथपाल ते पान उघडून "हे आमचं" म्हणू शकतो. आमच्या वाचनालयाचं पान कोणतं ते आजही सांगणार नाही, विचारू नका.

सरांच्या आणखी दोन गोष्टी मी गाठीला बांधून आणल्या. एक म्हणजे वाचक जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही, म्हणून "नाही" म्हणण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा. दुसरी म्हणजे फळी कधी गच्च भरायची नाही. शेवटी वीतभर जागा सोडायची. "अजून न आलेल्या पुस्तकांची ती जागा आहे," असं सर म्हणायचे. आणि या सगळ्यावर त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह एकच, की कपाटं उघडा. कुलूप काढा, वाचकाला आत येऊ द्या, त्याला पुस्तक हातात घेऊन बघू द्या.

मी परत आले ती वारं प्यायलेल्या वासरासारखी. कमिटीपुढे उभी राहून कपाटांची दारं काढायची म्हणाले, तर तात्यांचा चेहरा पडला.

"दारं काढायची? मग भिंतीही काढू. रस्त्यावरच मांडू पुस्तकं."

"तात्या, लोक चोर नसतात."

"तुला किती वर्षं झाली गं लोक बघायला?"

बरीच खडाजंगी झाली. कमिटीतल्या एकदोघांना माझं पटत होतं, पण तात्यांपुढे बोलायची छाती कुणाची नव्हती. शेवटी तात्यांनीच अट घातली. एक वर्ष दारं काढून बघा. वर्षाच्या शेवटी मोजणी. हिशेब जुळला तर ठीक. नाही जुळला तर कपाटांना कुलपं, आणि बाईंनी घरी बसावं. घरी बसावं म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. मावशीनं खरंच एक स्थळ काढलं होतं. नागपूरकडचं, मुलगा चांगला होता म्हणे, पण मला तेव्हा त्या दोन खोल्या सोडून कुठेही जायचं नव्हतं. मी हो म्हणाले.

कपाटांची दारं निघाली. पहिला आठवडा कुणी आत यायलाच तयार होईना. खिडकी बंद केली होती तरी मंडळी दाराशी उभी राहून सवयीनं चिठ्ठी पुढे करत. मी हाताला धरून एकेकाला आत नेलं. "घ्या, हात लावा, काही होत नाही." चारशे बारावाले जोशीकाका फळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "अरेच्चा, एवढी आहेत होय!" वीस वर्षांचे वर्गणीदार, पण पुस्तकं एकत्र अशी त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सरांचा प्रश्न विचारायचा धडाही कामाला आला. बदलापूरच्या पलीकडून एक शेतकरी आला, भातावरच्या रोगाचं पुस्तक मागत. मी खूश. विषयानं लावलेलं, एका मिनिटात काढून हातात दिलं. तो ते हातात धरून नुसता उभा. मग मला आठवलं, आणखी एक प्रश्न. "दादा, काय झालंय भाताला?"

"पान लाल पडतं, बाय. पन मना वाचता येत नाय."

"मग पुस्तक कशाला मागितलंत?"

"तुमाला येतं ना वाचता?"

बरोबरच होतं त्याचं. बसले आणि त्याला पाऊण तास वाचून दाखवलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दुपारी वाचून दाखवणं हे माझं एक कामच होऊन बसलं. तात्या कपाळाला आठ्या घालत, पण तेही एका बाजूला बसून ऐकत.

आता होतचंदबद्दल सांगते. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून सायकलवर कटपिसांचं गाठोडं बांधून तो अंबरनाथच्या गल्ल्यांतून फिरायचा. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं हळू. भर दुपारी, बायाबापड्या झोपतात त्या वेळी धंदा नसतो, तेव्हा तो गाठोड्यासकट माडी चढून यायचा. मला "अदी" म्हणायचा. त्यांच्यात ताईला अदी म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचा, मग खिशातून आपलं सिंधी वर्तमानपत्र काढून तेही वाचायचा, मग आतल्या खोलीत जाऊन फळ्यांपुढे उभा राहायचा. मराठी त्याला वाचता येत नव्हतं. तरी उभा राहायचा. जाताना तात्या त्याचं गाठोडं सोडून एकेक तुकडा झटकून बघत. इतकं बारकाईनं, की त्यात दोनदा त्यांना सदऱ्याचं कापड पसंत पडलं आणि घ्यावं लागलं.

बाहेरच्या टेबलावर बसायला पैसे नव्हते. पण मला वाटलं, या माणसाला पुस्तकांची ओढ आहे, आपल्याकडे थोडी इंग्रजी पुस्तकं आहेत, सभासद करून घ्यावं. मी अर्ज पुढे केला. त्यानं खिशातून चष्मा काढला, मी वाचून दाखवत गेले. नाव, पत्ता, धंदा. शेवटी जामिनाचं नाव आणि सही. आमच्याकडे कुणीतरी ओळखीच्यानं लिहून द्यावं लागे की या माणसानं पुस्तक परत केलं नाही तर मी जबाबदार. इथे होतचंदनं चष्मा काढला आणि अर्जाची घडी करून मला परत दिला.

"ये नहीं होगा, अदी."

"का? जामीन नाही कुणी? मी बघते की. शेजारचे वैद्य देतील सही."

"मुझे जामिन चाहिए, ऐसा नहीं," तो म्हणाला. "मेरा एक जामिन पहले से चल रहा है. वो छूटे, फिर देखेंगे."

मला काही अर्थ लागेना. कुणाच्या कर्जाला वगैरे जामीन राहिला असेल आणि अडकला असेल, असं वाटलं. त्याचा आमच्या वाचनालयाशी काय संबंध? मी चौकस स्वभावाची, आई त्याला नाक खुपसणं म्हणायची. पण तेवढ्यात तात्या टेबलाशी आले आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहिलं पुस्तक मिळालं. आरोग्याच्या फळीवर, शेवटच्या मोकळ्या जागेत, आडवं टेकवलेलं. कापडी बांधणी, आत उर्दूसारखी लिपी. सिंधीही तशाच लिपीत लिहितात, पण दोन्हींतला फरक मला तेव्हा कळत नव्हता. कुणीतरी विसरलं म्हणून टेबलावर ठेवलं. आठवडा गेला, कुणी विचारलं नाही. मग दुसरं मिळालं, प्रवासवर्णनांच्या फळीवर. मग इतिहासाच्या. एक तर मुलांच्या गोष्टींमध्ये, चित्रं असलेलं, कोपरे उंदरानं खाल्लेले. सगळी त्या सोडलेल्या वीतभर जागेत. मी रोज सकाळी आल्याबरोबर आधी फळ्यांची टोकं बघायला लागले. भाजीत मीठ घालायचं विसरायचे, पण हे नाही.

पुस्तकं चोरून नेणारे असतात, पण चोरून आणून ठेवणारा कोण? तात्यांना सांगायची सोय नव्हती. दारं काढल्यावर वाटेल ते आत येतं, असंच ते म्हणाले असते. मी ती सगळी खालच्या फळीवर एका बाजूला लावली आणि गप्प बसले. होतचंदवर संशय का नाही आला? आला होता. तो सिंधी, पुस्तकांतली लिपीही त्याच्या वर्तमानपत्रासारखी दिसणारी. पण दुपारी आणखी तीन-चार सिंधी मंडळी वर्तमानपत्राला येत, आणि तात्या तर त्याच्या गाठोड्यातला धागा न् धागा तपासत होते.

आणि मी वर्ग केलेली, शहाणी! सर्वांत आधी मी काय केलं, तर ती पुस्तकं कुणाची ते बघायला गुप्त पान शोधलं. पहिली पाच-पन्नास पानं एकेक करून चाळली. शिक्का नाही. दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक, नाही. म्हणजे कुणाच्या तरी घरची असणार, असं मी ठरवून टाकलं. कित्येक महिने मी तेच धरून बसले होते.

एके दिवशी दुपारी मी कार्डं लिहीत बसले होते. समोर होतचंद आपलं वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं आणि माझी लेखणी थांबली. तो पान उलट्या बाजूला उलटत होता. त्याचं पहिलं पान म्हणजे माझं शेवटचं! अगं बाई गं. मी इतके महिने पुस्तकं शेवटाकडून चाळत होते. उठून आत गेले, खालच्या फळीवरचं एक पुस्तक घेतलं आणि उलटीकडून उघडलं. आमच्याकडे जिथे असतं साधारण तिथेच, पानाच्या आतल्या बाजूला, गोल जांभळा शिक्का. वर त्यांची लिपी, खाली इंग्रजीत सिंधमधल्या एका गावाचं नाव आणि पब्लिक लायब्ररी. दुसरं उघडलं. तेच पान, तोच शिक्का. सगळ्या पुस्तकांत तेच पान. पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठीसुद्धा होती, आपल्यासारखीच, आणि सगळ्यांच्या तारखा एकाच वर्षाच्या पावसाळ्याशी येऊन थांबल्या होत्या.

मला फार आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. ही कुणाच्या घरची पुस्तकं नव्हती. कुठल्यातरी ग्रंथपालानं माझ्यासारखाच शिक्का मारून, फळीवर लावून जपलेली पुस्तकं होती. ती शेकडो मैलांवरून इथे कशी आली? आणि दुसऱ्या वाचनालयाचा माल माझ्या फळीवर सापडला तर तात्या काय म्हणतील?

विचार करायला फार वेळ मिळाला नाही, मोजणी आली. वाचनालय बंद ठेवून दोन दिवस आम्ही मोजत होतो. मी फळीवरून नंबर ओरडायची, तात्या वहीत खूण करायचे, कमिटीतले एक गृहस्थ चहा सांगायचे. गहाळ पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि तीही सगळी सापडली, दोन तर तात्यांच्याच घरात. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. मग तात्यांची नजर खालच्या फळीवर गेली.

"ही कोणती?"

"ती... जास्तीची आहेत."

"जास्तीची म्हणजे?"

सांगावं लागलं. चाळीसच्या वर झाली होती. तात्यांनी एक उघडलं, शिक्का बघितला, त्यांचा आवाजच बदलला.

"दुसऱ्या लायब्ररीची पुस्तकं? कुमुद, हा चोरीचा माल आहे. उद्या पोलीस आले तर वाचनालयाला कुलूप लागेल, कपाटांचं सोड! हिशेब जुळायला हवा असं ठरलं होतं. कमी भरला काय, जास्त भरला काय, जुळला नाही म्हणजे नाही जुळला. उद्या सुताराला बोलाव आणि दारं बसवून घे. ही पुस्तकं मी फौजदाराकडे नेऊन देतो."

वर्षभराचं काम, आणि कमी भरलं म्हणून नाही, जास्त भरलं म्हणून बुडत होतं. रागानं माझे कान गरम झाले होते. "तात्या, एक पुस्तक गेलं नाही तुमचं!" एवढंच ओरडले.

दाराशी कुणीतरी खाकरलं. होतचंद होता. वाचनालय बंद आहे हे त्याला माहीत नव्हतं, तो नेहमीसारखा चढून आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

"साईं, चोरी की नहीं हैं," तो तात्यांना म्हणाला. "लौटाई हुई हैं."

तात्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही. तो उभ्यानंच बोलला. त्याच्या गावात वाचनालयाच्या समोर त्याचं कापडाचं दुकान होतं. वाचनालयाला जामीन लागायचा, आणि गल्लीतली माणसं रस्ता ओलांडून त्याच्याकडे यायची, होतचंद, सही करो. तो करायचा. अर्ध्या गल्लीचा तो जामीन होता. मग फाळणीचं ते वर्ष आलं. ज्याला जे हाताला लागलं ते घेऊन लोक निघाले. कुणाच्या वळकटीत पुस्तक आलं, कुणाच्या पोराच्या दप्तरात. दागिने राहिले, भांडी राहिली, आणि वाचनालयाचं पुस्तक आलं. इथे कॅम्पात कापड विकत बराकी-बराकीतून फिरताना त्याला आपल्या गल्लीची माणसं सापडायला लागली. कापड दाखवता दाखवता तो विचारायचा, लायब्ररीची किताब आहे का?

"किसी ने चारपाई के नीचे लगाई थी, किसी ने संभाल के रखी थी. जो मिली, ले ली. बराक में पानी टपकता है, साईं. किधर रखता?"

"मग सरळ सांगायचं, देणगी द्यायची!" तात्या म्हणाले. "आम्ही रीतसर घेतली असती."

"दान कैसे दूँ? मेरी थोड़ी हैं."

होतचंदनं आतल्या खोलीकडे हात केला. "पहले इधर ताला था. फिर अदी ने खोल दिया. मैं अंदर गया, देखा, हर फळी पे जगह खाली छोड़ी है." मग तात्यांकडे वळला. "आप जाते हुए गठरी देखते हो, साईं. आते हुए तो कोई नहीं देखता."

मला हसू फुटलं, खरंच सांगते, त्या प्रसंगीसुद्धा. तात्या वर्षभर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होते. तात्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"आता मला काय करायला सांगतोस?"

"आपको कुछ नहीं," होतचंद म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "अदी, वो ठप्पा है ना आपका, किताब वापस आई तो लगाती हो? वो लगा दो. मेरा जामिन छूटे."

माझा तारखेचा शिक्का टेबलावरच होता. आमच्या नियमानं परक्या पुस्तकावर आमचा शिक्का मारता येत नाही, आणि सरांनी काय सांगितलं असतं ते मला आजही ठाऊक नाही. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी स्वतः उठून खालच्या फळीवरची पुस्तकं दोन खेपांत टेबलावर आणून ठेवली.

मी पहिलं पुस्तक घेतलं. या वेळी बरोबर बाजूनं उघडलं. चिठ्ठीवरच्या शेवटच्या तारखेखाली त्या दिवसाची तारीख मारली. होतचंद म्हणाला, "मोहिनी. मास्टर की बेटी." दुसरं घेतलं. "तुलसीदास." तिसरं. "ये बूढ़ी अम्मा थी, पढ़ना नहीं आता था, बहू के लिए ले जाती थी." प्रत्येक पुस्तकाला तो नाव घेत गेला. कोण आता पुण्याकडे गेलं, कोण कॅम्पात आहे, कोण वाटेत गेलं, तेही सांगत गेला. माझे डोळे भरून आले, शिक्का वाकडा उमटायला लागला. तात्यांनी शाईची गादी माझ्याकडे सरकवली.

ढीग संपला. मी शिक्का खाली ठेवला. तेव्हा होतचंदनं गाठोडं सोडलं, कापडाच्या तुकड्यांखालून आणखी एक पुस्तक काढलं, जाड, कडा मळलेल्या, आणि टेबलावर ठेवलं.

"ये किसका?" मी विचारलं.

"मेरा." तो जरा ओशाळला. "सब की लौटाई, ये नहीं लौटाई. आधी बाकी है. धंधे में टाइम नहीं मिला."

मी त्यावरही तारीख मारली. तो ते पुस्तक बघत उभा राहिला. आता ते फळीवर जाणार, आणि तो सभासद नाही. तात्यांनी टेबलाचा खण उघडला, सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला, होतचंदचं नाव विचारून स्वतः लिहिलं. मग जामिनाच्या जागेशी आले. तिथे त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

"वर्गणी उद्या आण," ते म्हणाले. "आणि पुस्तक फाटलं तर मला भरावं लागेल, लक्षात ठेव."

कपाटांची दारं पुन्हा बसली नाहीत. वखारवाल्यानं ती विकत घेतली. नागपूरच्या स्थळाला अण्णांनी नकार कळवला आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती पुस्तकं आम्ही देणगीत दाखल केली नाहीत, आमचं गुप्त पानही त्यांच्यावर मारलं नाही. ठेव म्हणून वेगळ्या फळीवर लावली. कॅम्पातली माणसं मग ती वाचायला यायला लागली, तीही सभासद झाली, आणि त्यांतल्या कितीतरी अर्जांवर जामीन म्हणून होतचंदची सही असायची. मी त्याला एकदा म्हटलंही, "पुन्हा अडकलात." तो नुसता हसला.

मोजणीच्या त्या दिवशी मात्र मी त्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक त्याच्याच नावावर दिलं, आठ दिवसांच्या मुदतीनं. मुदत संपायच्या आधी तो आला. पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, वाचून झालं म्हणाला. रांगेत मागे जोशीकाका आणि आणखी दोघे उभे होते, घाईत होते. पण या पुस्तकाला जामीन तात्या होते; मी शिक्का मारून चिठ्ठी त्याला दाखवेपर्यंत तो टेबलासमोरून हलला नाही.